आदरणीय व्यासपीठ, मुद्द्यावर या!

सोमवार, सकाळचे साडेदहा. कॉन्फरन्स रूममधला एसी नेहमीसारखा हुडहुडी भरवणारा आणि प्रोजेक्टर नेहमीसारखा रुसलेला. तुमच्या टीममधला सगळ्यात अभ्यासू मुलगा प्रेझेंटेशनला उभा राहतो. चाळीस स्लाइड्स, सतरा ग्राफ, रविवारची अख्खी रात्र जागून केलेलं काम. पंचविसाव्या मिनिटाला बॉस पेन खाली ठेवतो आणि अगदी गोड आवाजात विचारतो, 'ओके. पण नेमकं म्हणायचंय काय?'

खेळ खल्लास!

गंमत म्हणजे त्या बिचाऱ्याला सगळं माहीत असतं. त्या खोलीत त्या विषयातलं सगळ्यात जास्त त्यालाच कळत असतं. फक्त ते समोरच्याच्या डोक्यात उतरत नाही. मग लंच टाइमला आपण सगळे मिळून डबा उघडता उघडता त्याचं निदान करतो. 'कॉन्फिडन्स कमी पडला यार.' 'इंग्लिश जरा वीक आहे.' 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा कोर्स कर ना एखादा!' आणि तो बापडा खरंच दहा-बारा हजार भरून वीकएन्डला आरशासमोर हातवारे करायला शिकतो.

माझं म्हणणं जरा वेगळं आहे. प्रश्न कॉन्फिडन्सचा नाही, इंग्लिशचाही नाही. त्याला एक गोष्ट कधी कुणी शिकवलीच नाही, ती म्हणजे एखादी गोष्ट दुसऱ्याला तोंडी समजावून सांगणं. ती शिकायचं वय होतं नववी-दहावीचं. पण आपल्या टाइमटेबलमध्ये तो तास कधी आलाच नाही.

थांबा, लगेच हात वर करू नका. 'आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा व्हायची की!' हो, माझ्याही शाळेत व्हायची. चला, सगळे मिळून म्हणू या. 'आदरणीय व्यासपीठ, सन्माननीय परीक्षक, वंदनीय गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.' आहे ना तोंडपाठ? विषय ठरलेले. मोबाईल शाप की वरदान, स्त्रीभ्रूणहत्या, पाणी हेच जीवन. भाषण लिहायचे सर, नाहीतर बाबा. पाठ आपण करायचं. हात कुठे वर करायचा, आवाज कुठे चढवायचा, हेसुद्धा ठरलेलं. मधेच एखादं वाक्य विसरलं की गाडी तिथेच बंद, कारण पुढचं वाक्य मागच्यातून निघालेलंच नसायचं. ते फक्त पाठांतरात त्याच्या मागे उभं असायचं.

त्या स्पर्धांची टिंगल करायची नाहीये मला. स्टेजची भीती त्यांनी घालवली. वक्तृत्वाला तर आपल्याकडे फार जुना मान आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली आणि ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच मुळी 'वक्तृत्वोत्तेजक सभा'! पण भाषण ठोकणं वेगळं आणि समजावून सांगणं वेगळं. भाषणात समोरच्याने टाळी वाजवली की आपण जिंकलो. समजावून सांगताना समोरच्याला कळलं तरच जिंकलो. आणि वर्गातल्या साठातली दोन मुलं स्पर्धेत उतरतात. उरलेल्या अठ्ठावन्नांचं काय?

वीस मार्कांची गोष्ट

त्या अठ्ठावन्नांसाठी एक सोय कागदावर होती, ती म्हणजे भाषा विषयांची वीस मार्कांची तोंडी परीक्षा. आठवते? सर रजिस्टर घेऊन बसायचे, एकेक रोल नंबर पुढे. 'एखादी कविता म्हण.' दोन कडवी झाली की 'बस, पुढचा.' सतरा, अठरा, एकोणीस असे मार्क. फुकटचे मार्क म्हणूनच ते ओळखले जायचे. मुलं, पालक, शिक्षक, सगळेच तसं समजायचे.

मग २०१८-१९ या वर्षी दहावीचा अभ्यासक्रम बदलला आणि भाषा विषयांचे ते तोंडीचे वीस मार्क काढून टाकले गेले. २०१८ ला ८९.४१ टक्के असलेला राज्याचा दहावीचा निकाल २०१९ ला थेट ७७.१० टक्क्यांवर आला. म्हणजे एका वर्षात बारा टक्क्यांहून जास्त घसरण. नवा अभ्यासक्रम, नवी प्रश्नपत्रिका ही कारणं होतीच, पण बोट सगळ्यात आधी गेलं ते या वीस मार्कांकडे. हल्लकल्लोळ झाला. अकरावीच्या प्रवेशात इतर बोर्डांची मुलं पुढे जाणार म्हणून पालक हवालदिल झाले. शेवटी २०१९-२० पासून ते वीस मार्क परत आले आणि २०२० चा निकाल लागला ९५.३० टक्के. (त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी मार्क मिळाले होते, हेही लक्षात ठेवायला हवं.)

या सगळ्या गदारोळात भांडण एकाच गोष्टीवर झालं. मार्क द्यायचे की नाही द्यायचे? त्या वीस मार्कांत मुलांना नेमकं काय यायला हवं होतं, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. कविता पाठ आहे की नाही? की मनातला विचार दुसऱ्याला कळेल असा सांगता येतो की नाही?

चिखलीतला एक तास

या प्रश्नाचं उत्तर मला अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळालं. लोणारच्या विवरावर एक फीचर करायला मी बुलढाणा जिल्ह्यात गेले होते आणि मुक्काम होता चिखलीला, एका मैत्रिणीच्या घरी. चिखली म्हणजे जिल्ह्यातल्या 'घाटावरच्या' भागातलं तालुक्याचं गाव. इथे जिल्ह्याचे दोनच भाग मानतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. आजूबाजूला सोयाबीन, कापूस, तूर. रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी शंभरेक वर्षं जुनी आहे आणि चिखलीचं स्टेशन अजून तरी लोकांच्या बोलण्यातच आहे!

मैत्रिणीचे काका एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतात. रात्री जेवताना मी माझं नेहमीचं पुराण लावलं, की हल्लीच्या मुलांना बोलताच येत नाही वगैरे. काका शांतपणे भाकरी मोडत म्हणाले, 'बोलता येत नाही? बारा जानेवारीला सिंदखेडराजाला ये एकदा. जिजाऊ जयंतीला पोट्टे काय बोलतात ते ऐक. गावोगावी सप्ते होतात, कीर्तनं होतात. इथं बोलणाऱ्याला तोटा नाही, बाई. समजावून सांगणाऱ्याला आहे. उद्या वर्गावर ये.'

गेले. नववीचा वर्ग. साठच्या आसपास मुलं-मुली, एका बाकावर तिघं-तिघं. काकांनी (वर्गात अर्थातच सरांनी) फळ्यावर चारच ओळी लिहिल्या. आधी एका वाक्यात सांगा. कोणाला सांगताय ते ठरवा. कागदावर फक्त तीन शब्द लिहा. ऐकणाऱ्याने परत सांगायचं. मग एका जुन्या डब्यातून चिठ्ठ्या फिरल्या. विषय साधेच होते. सायकलचं पंक्चर कसं काढतात, लोणारचं पाणी गुलाबी का झालं होतं, डॉक्टरला आजार कसा सांगायचा, खामगाव-जालना रेल्वे झाली तर गावाला काय मिळेल.

पंक्चरवाला मुलगा जोरात उठला. त्याच्या वडिलांचं सायकलचं दुकान आहे, असं शेजारचा कुजबुजला. 'चाक काढायचं, मग टायर काढायचा, मग ट्यूब काढायची, मग हवा भरायची, मग पाण्यात टाकायची, मग पॉलिश पेपरनं घासायची, मग सोल्युशन लावायचं, मग...'

सर फळ्यावर रेघा मारत होते. प्रत्येक 'मग'ला एक.

'मी सायकल कधी पाहिली नाही असं समज,' सर म्हणाले. 'ट्यूब पाण्यात कशाला टाकायची? धुवायला?'

वर्ग खदखदला. मुलगा वैतागला. 'धुवाले नाही सर! भोक बारीक असते, दिसत नाही. पाण्यात बुडबुडे येतात, म्हणून कळते कुठं हाये ते.'

'आणि घासायची कशाला? चमकवायला?'

'गुळगुळीत रबराले सोल्युशन पकडत नाही. म्हणून खरखरीत करायची.'

सरांनी खडू ठेवला. 'आत्ता कळलं मला. आधी तू सांगितलं काय काय करतात. आता सांगितलं का करतात. फरक काय झाला?'

वर्ग गप्प. सरही गप्प. मला वाटलं आता तेच उत्तर सांगतील. पण नाही, ते उभे राहिले नुसते. मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, 'सर, मगचं म्हणून झालं.'

मी वहीत दोनदा अधोरेखित केलं ते वाक्य. मास कॉमच्या पहिल्याच सेमिस्टरला आम्हाला बातमीचा 'लीड' शिकवला होता. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं. चांगली भरभक्कम फी घेऊन शिकवला होता. त्या सगळ्या नोट्स एका बाजूला आणि 'मगचं म्हणून झालं' एका बाजूला. गोष्ट सांगायला 'मग' पुरतं. समजावून सांगायला 'कारण', 'म्हणून', 'पण', 'नाहीतर' लागतात. हे छोटे छोटे शब्द म्हणजे विचारांचे सांधे. सोमवारच्या त्या चाळीस स्लाइड्समध्ये प्रत्येक स्लाइडनंतर फक्त 'नेक्स्ट' होतं, म्हणजे इंग्लिशमधलं 'मग'च की! एकाही ठिकाणी 'म्हणून' नव्हतं.

वरणातलं मीठ

दुसरी चिठ्ठी लोणारची. लोणार इथून फार लांब नाही आणि हा विषय सगळ्यांचा ओळखीचा. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी अचानक गुलाबी झालं आणि देशभरचे कॅमेरे तिकडे वळले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य असलेल्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं सांगितलं.

चिठ्ठी निघालेली मुलगी हुशार होती. तिने हात मागे बांधले, मान वर केली आणि सुरू झाली, 'लोणार सरोवर हे उल्कापातामुळे निर्माण झालेले जगप्रसिद्ध खाऱ्या पाण्याचे सरोवर असून...'

'हे पुस्तक बोलून राहिलं,' सर हसत म्हणाले. 'तू बोल. तुझ्या लहान भावाले सांग, घरी सांगतेस तसं.'

ती अडखळली. इकडे तिकडे पाहिलं. मग एकदम सुटली. 'उन्हाळ्यात पानी आटलं. पानी कमी झालं पन खार तेवढाच राह्यला, म्हून पानी जास्त खारं झालं. वरनात मीठ तेवढंच असलं आन वरन आटलं, तं खारट लागते ना, तसं. खाऱ्या पान्यात बारीक जीव राह्यतात, डोळ्याले दिसत नाही. पानी खारं झालं म्हून थे लय वाढले. त्यायच्या अंगात गुलाबी रंग असते. म्हून पानी गुलाबी दिसलं.'

अर्ध्या मिनिटात खेळ संपला. मी लोणारवर आठवडाभर वाचून गेले होते. पण इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ते वरणाचं उदाहरण तर थेट काळजात!

'आता हेच पाहुण्या मॅडमला सांग,' सर म्हणाले. दुसऱ्या फेरीत तिने तेच, त्याच क्रमाने, प्रमाण मराठीत सांगितलं. एकदाही न अडखळता.

इथे मला एक गोष्ट लख्ख दिसली. आपण शाळेत उलटं करतो. मुलाने तोंड उघडलं की पहिला घाव भाषेवर घालतो. 'पानी नाही, पाणी म्हण.' मुलाचं सगळं लक्ष मग न आणि ण सांभाळण्यात जातं आणि विचार वाऱ्यावर. पुढे हाच मुलगा पुण्या-मुंबईला इंटरव्ह्यूला येतो, तेव्हा त्याला प्रश्नाचं उत्तर येत असतं, पण डोक्यात धाक असतो की आपली बोली बाहेर पडली तर? मग तो गप्प बसतो आणि समोरचा लिहितो, 'पुअर कम्युनिकेशन'. प्रमाण भाषा शिकवायला नको असं नाही. ती हवीच, बोर्डाचा पेपर तिच्यातच लिहायचाय. पण आधी विचाराची रांग लागू दे, मग तिला इस्त्रीचे कपडे घाला.

विलायतेचं सोडा

इंग्लंडमध्ये अँड्र्यू विल्किन्सन नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १९६५ मध्ये यासाठी 'ओरसी' असा शब्दच तयार केला. लिटरसी म्हणजे लिहिता-वाचता येणं, तशी ओरसी म्हणजे बोलता-ऐकता येणं. २०२४ मध्ये तिथल्या एका आयोगाने वाचन, लेखन आणि गणित यांच्या जोडीला बोलण्यालाही शिक्षणात तेच स्थान द्या, अशी शिफारस केली. बघा, बाहेरचं म्हटलं की आपले कान कसे टवकारतात!

पण वऱ्हाडाला हे विलायतेहून शिकायची गरजच नाही. महानुभावांच्या लीळाचरित्रात मेहकर, लोणार अशी याच मुलखातली गावं येतात. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी तेराव्या शतकाच्या शेवटी 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले. एकशे चौदा दृष्टांत आहेत त्यात. त्यांची रचना बघा. आधी सूत्र, म्हणजे एका वाक्यात मुद्दा. मग दृष्टांत, म्हणजे रोजच्या जगण्यातलं उदाहरण. आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे ते उदाहरण मुद्द्याला कसं लागू पडतं त्याचा खुलासा. सातशे वर्षं झाली याला. तुमच्या कॉर्पोरेट ट्रेनरने प्रेझेंटेशनचं जे 'फ्रेमवर्क' शिकवलं, ते याहून फार वेगळं होतं का?

यातलं तिसरं पाऊल आपण हमखास विसरतो. उदाहरण देतो आणि तिथेच रमतो. वरणाची गोष्ट सांगून 'तसं' म्हणून परत लोणारला यायचं असतं. ती मुलगी परत आली. आपले बरेच वक्ते वरणातच बुडतात.

आणि गाडगेबाबा? अमरावती जिल्ह्यात १८७६ मध्ये जन्मलेला हा माणूस शाळेची पायरी चढला नव्हता. पण त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरांचा तास असायचा. बाबा अस्सल वऱ्हाडीत प्रश्न टाकायचे, समोरची गर्दी उत्तर द्यायची, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा. कर्ज काढून सण करू नका, मुलांना शिकवा, हे निष्कर्ष लोकांच्याच तोंडून बाहेर पडायचे. १९५६ मध्ये बांद्र्याला झालेलं त्यांचं शेवटचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. जमलं तर ऐका. ज्याला समजावून सांगायचंय, त्याने आधी विचारायला शिकावं, याचा याहून चांगला क्लास कुठे मिळणार नाही.

आजीची चक्कर

तासाची शेवटची पंधरा मिनिटं राहिली होती. तिसरी चिठ्ठी एका अशा मुलीकडे गेली जी तोवर एकदाही बोलली नव्हती. विषय होता, डॉक्टरला आजार कसा सांगायचा. सर खुर्चीत डॉक्टर होऊन बसले. बाहेर पेशंटची ही मोठी रांग आहे, असं त्यांनी आधीच जाहीर केलं.

मुलगी हळू आवाजात बोलू लागली. 'आमी मावशीच्या पोरीच्या लग्नाले गेलो होतो. तिथं लय ऊन होतं. आजी नीट जेवली नाही. मग घरी आलो. मग तिले कसंतरी झालं. मग...'

'उन्हाचं झालं असेल. साखर-मीठ पाणी द्या. पुढचा पेशंट!' डॉक्टर म्हणाले.

वर्ग हसला. मुलगी खाली बघत उभी राहिली. सर मात्र हसले नाहीत. वर्गाकडे वळून त्यांनी विचारलं, 'डॉक्टरले काय काय पाहिजे असते?' आणि थांबले. एकेक उत्तर येऊ लागलं. काय होतंय. कधीपासून. काय केल्यावर होतं. कोणती गोळी चालू आहे. चारच गोष्टी. सरांनी त्या फळ्यावर लिहिल्यासुद्धा नाहीत. 'आता सांग,' म्हणाले.

तिने एक श्वास घेतला. 'आजीले चक्कर येते. आठ दिवसापासून. बसल्यावरून उठली की येते, झोपून असली की येत नाही. मागच्या महिन्यात तिची बीपीची गोळी बदलली.'

वर्गात चिडीचूप. डॉक्टर झालेले सर खुर्चीत ताठ बसले. ऊन, लग्न, जेवण, सगळं बाजूला पडलं होतं. आणि पहिल्या फेरीत जे कुठेच नव्हतं, ते शेवटचं वाक्य आता समोर आलं होतं. गोळी बदलली. लग्नाची गोष्ट सांगता सांगता तिथपर्यंत पोचायला तिला कुणी वेळच दिला नसता.

घंटा झाल्यावर मी तिला गाठलं आणि म्हटलं, छान रचलंस हं. ती म्हणाली, 'रचलं नाही मॅडम, आमच्या आजीचंच हाये. आज संध्याकाळी न्यायचं हाये तिले दवाखान्यात. पप्पा डॉक्टरपुढं बोलत नाही ना, म्हून मी जाऊन राहिली.'

मला त्यावर काही बोलायला सुचलं नाही.

बोर्डाने वीस मार्क दिले काय नि काढले काय, हा वर्ग त्यासाठी नव्हताच. दवाखाना, बँक, तहसील, पोलीस स्टेशन, कुठेही जा, खिडकीपलीकडच्या माणसाकडे दोन मिनिटं असतात. ज्याला मुद्दा आधी सांगता येतो त्याचं काम होतं. ज्याला येत नाही तो 'उद्या या' ऐकून परत फिरतो. घरात शिकलेलं पहिलंच माणूस जेव्हा चौदा वर्षांचं असतं, तेव्हा अख्ख्या घराच्या वतीने तेच बोलत असतं.

पण वेळ कुठाय?

शिक्षक मंडळी हे वाचत असतील तर म्हणतील, मॅडम, साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, पोर्शन संपायचाय, वर निवडणुकीची कामं. एकेकाला कधी बोलायला लावायचं? अगदी रास्त. सरांचा हिशेब सोपा होता. फळ्यापुढे रोज दोघं-तिघंच येतात, पण त्याआधी बाकावर सगळेच बोलतात. एकाने दोन मिनिटं समजावून सांगायचं, शेजाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. परत सांगता आलं नाही, तर चूक ऐकणाऱ्याची नाही, सांगणाऱ्याची. पुन्हा सांग! अशाने दहा मिनिटांत साठही मुलं बोलून होतात. तपासायला वह्या नाहीत. खर्च शून्य. गोंगाट मात्र भरपूर होतो. मी होते तेवढ्या वेळात हेडमास्तर दोनदा दारातून डोकावून गेले!

आणखी एक बिनपैशाचं औषध. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग्ज तपासली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात, असं त्यांना दिसलं. तेच शिक्षक तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, सुधारली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. फक्त तीन सेकंद! चिखलीच्या त्या वर्गात 'मगचं म्हणून झालं' हे वाक्य अशाच एका शांततेतून बाहेर आलं होतं.

तेव्हा बॉस लोकहो, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा फॉर्म भरण्याआधी हे करून बघा. पुढच्या प्रेझेंटेशनचा मुद्दा आधी एका वाक्यात लिहा. तो लिहिता आला नाही, तर तुमच्याकडे अजून मुद्दाच नाही, स्लाइड्स आहेत. मग प्रत्येक दोन स्लाइड्सच्या मधे 'म्हणून' किंवा 'पण' बसतंय का बघा. जिथे फक्त 'मग' बसतंय, तिथली एक स्लाइड खुशाल उडवा. आणि मीटिंगच्या आधी ऑफिसच्या चहावाल्याला सगळं सांगून बघा. त्याला परत सांगता आलं, तर व्हाइस प्रेसिडेंटलाही कळेल!

दिवाळीला गावी जालच. तिथे तुमचा नववीतला भाचा किंवा पुतणी असेल. घरातलं कुणीतरी हौसेने म्हणेल, 'मामाला भाषण म्हणून दाखव बरं!' त्यापेक्षा तिला असं काहीतरी विचारा जे तुम्हाला खरंच माहीत नाही. शेततळ्यातलं पाणी जमिनीत का मुरत नाही? तुझ्या मोबाईलमधला तो गेम कसा खेळतात? ती आधी लाजेल, 'मग मग' करेल, थांबेल.

तेव्हा मधे बोलू नका. मनात तीन आकडे मोजा.